चार बाजूंचे शेत, तीन बाजूंचे गणित

त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे पाया आणि उंची यांच्या गुणाकाराचे निम्मे, हा नियम आज मराठी शाळेतील मुलांना लहान वयातच पाठ होतो. परंतु तो ग्रंथांतून शेताच्या बांधापर्यंत कसा पोहोचला, त्याला इतकी शतके का लागली आणि दरम्यानच्या काळात चुकीच्या हिशेबाचा भार कोणावर पडू शकत होता, याचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. हा इतिहास पाहण्यासाठी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी आणि त्याभोवतीचा टापू विशेष सोयीचा आहे. या तालुक्याच्या उत्तरेला सातमाळ्याची डोंगररांग असून तिच्या पलीकडे, घाट उतरताच, पाटण हे स्थान लागते, जेथे तेराव्या शतकाच्या आरंभी भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन झाला. अलीकडे देवगिरी आणि औरंगाबाद ही शहरे आहेत, जेथून सतराव्या शतकात मोगल दिवाणाने दख्खनच्या जमिनीवर मोजणीची दोरी धरली. आणि पुढे याच भागात हैदराबाद संस्थानाने साखळी व शंकू घेऊन भूमापनाची नवी व्यवस्था आणली. गणित, सत्ता आणि शेत या तिन्ही गोष्टी इतक्या थोड्या अंतरात एकत्र सापडणे दुर्मीळच म्हणावे लागेल.

मूळ अडचण शेताच्या आकारात आहे. कागदावर चौकोन म्हटला की काटकोनी आकृती डोळ्यांपुढे येते, पण ओढा, वाट, उतार आणि वाटण्या यांनी घडवलेल्या शेताचे कोपरे क्वचितच काटकोनी असतात. अशा शेताच्या चारही बाजू दोरीने अचूक मोजल्या तरी त्याचे क्षेत्रफळ ठरत नाही, कारण चार काठ्या टोकांना बांधून केलेली चौकट जशी हाताने दाबून तिरकी करता येते आणि बाजू त्याच राहूनही आतली जागा कमी होत जाते, तसेच चौकोनी शेताचे असते. तीन काठ्यांची चौकट मात्र अशी हलत नाही. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरतो आणि त्याचे क्षेत्रफळही ठरते. म्हणून कितीही वेडेवाकडे शेत असले तरी त्याचे त्रिकोण पाडणे हाच त्याचे क्षेत्रफळ निश्चित करण्याचा खात्रीचा मार्ग उरतो. हे तत्त्व ऐकायला साधे आहे. पण ते न पाळता क्षेत्रफळ काढण्याची एक सोपी रीत जगात अनेक ठिकाणी प्रचलित होती, आणि या लेखातील बराचसा इतिहास त्या सोप्या रीतीच्या मोहाचाही आहे.

ती सोपी रीत अशी, की समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि मिळालेल्या दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. इजिप्तमध्ये एडफूच्या मंदिरावर कोरलेल्या जमिनीच्या नोंदींत हीच रीत दिसते, आणि तेथे त्रिकोणी जमिनीसाठी चौथी बाजू काहीच नाही असे धरून तोच नियम चालवलेला आहे. भारतीय गणितज्ञांना ही रीत माहीत होती आणि तिची मर्यादाही माहीत होती. आर्यभटाने इ. स. ४९९ मधील आपल्या ग्रंथात त्रिकोणाचे क्षेत्रफळ लंब आणि निम्मा पाया यांच्या गुणाकाराने मिळते असे सांगितले होतेच. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त दोन फळे वेगळी केली: सरासरीच्या गुणाकाराने येणारे ते स्थूल, आणि बाजूंच्या बेरजेच्या निम्म्यातून प्रत्येक बाजू वजा करून, त्या वजाबाक्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घेऊन येणारे ते सूक्ष्म. त्रिकोणासाठी चौथी बाजू शून्य धरली की हाच सूक्ष्म नियम अलेक्झांड्रियाच्या हेरॉनच्या नावाने आज शिकवल्या जाणाऱ्या सूत्राशी जुळतो. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त व्यावहारिक आणि सूक्ष्म अशी दोन्ही क्षेत्रफळे सांगितली; देवगाव रंगारीच्या शेजारच्याच भागातील वेरुळचे कैलास लेणे कोरवून घेणारा पहिला कृष्ण हा याच घराण्यातील आधीचा राजा होता.

स्थूल आणि सूक्ष्म यांच्यातील फरक केवळ पंडितांच्या चिकित्सेचा नव्हता. सरासरीच्या गुणाकाराने येणारे उत्तर काटकोनी शेतात बरोबर येते आणि इतर प्रत्येक शेतात खऱ्यापेक्षा जास्त येते. कमी कधीच येत नाही. चुकीला अशी एकच दिशा असल्यामुळे, ज्या राज्यात सारा क्षेत्रावर आकारला जातो तेथे या रीतीने झालेली प्रत्येक चूक खजिन्याच्या बाजूने आणि कुणब्याच्या विरुद्ध पडते.

या पार्श्वभूमीवर भास्कराचार्यांचे काम पाहावे लागते. शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला, आणि त्याचा अंकगणित व क्षेत्रगणिताचा भाग म्हणजे ‘लीलावती’. त्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या परिसरातील असल्याचे सांगितले आहे. ते नेमके कोणते, हा वाद संशोधकांवर सोडणेच योग्य. ‘लीलावती’तील क्षेत्रव्यवहार या प्रकरणात त्रिकोणाविषयी जी उदाहरणे येतात त्यांपैकी एकात पाया १४ आणि उरलेल्या दोन बाजू १३ व १५ आहेत. रीत अशी, की दोन बाजूंची बेरीज २८ आणि वजाबाकी २ यांच्या गुणाकाराला पायाने भागावे, म्हणजे ४ येतात. ते पायातून एकदा वजा करून आणि एकदा त्यात मिळवून निम्मे केले की ५ आणि ९ मिळतात. वरच्या कोपऱ्यातून पायावर सरळ टाकलेली रेषा, म्हणजे लंब, पायाचे जे दोन तुकडे करते ते हे दोन तुकडे होत, आणि त्यांना आबाधा म्हणतात. एकदा आबाधा हाती आल्या की काटकोन त्रिकोणाच्या नियमाने लंब १२ निघतो आणि त्याला निम्म्या पायाने, म्हणजे ७ ने, गुणले की क्षेत्रफळ ८४ येते. ब्रह्मगुप्ताच्या सूक्ष्म नियमानेही तेच येते: बाजूंच्या बेरजेचे निम्मे २१, त्यातून बाजू वजा करून ८, ७ आणि ६, या चारींचा गुणाकार ७,०५६ आणि त्याचे वर्गमूळ ८४. स्थूल रीतीने मात्र ९८ येतात. एका लहानशा त्रिकोणात सहावा हिस्सा हवेतून निर्माण झाला.

दुसरे उदाहरण अधिक मार्मिक आहे. त्यात पाया ९ आणि बाजू १० व १७ घेतल्या आहेत. वरचीच रीत लावली तर एक आबाधा १५ येते, म्हणजे ती पायापेक्षाही मोठी, आणि दुसरी ६ येते, पण ऋण. भास्कराचार्य या ऋण संख्येला टाकून देत नाहीत. ती उलट दिशेची आहे, एवढेच सांगतात, याचा अर्थ लंब त्रिकोणाच्या आत न पडता पाया बाहेर वाढवल्यावर त्यावर पडतो. लंब ८ येतो आणि क्षेत्रफळ ३६. युरोपात ऋण संख्यांना गणितात सरळ स्थान मिळायला पुढे कितीतरी शतके जावी लागली, हे लक्षात घेतले तर एका शेताएवढ्या आकृतीत ऋणाला दिशेचा अर्थ देण्याची ही हातोटी अधिकच उठून दिसते.

चौकोनाविषयी भास्कराचार्यांचा सूर एकाएकी तिखट होतो. ब्रह्मगुप्ताचा सूक्ष्म नियम त्रिकोणाला बिनचूक लागू पडतो, पण प्रत्येक चौकोनाला लागू पडत नाही, असे ते स्पष्ट बजावतात (तो वर्तुळात बसणाऱ्या चौकोनापुरताच खरा आहे), आणि लंब किंवा कर्ण, म्हणजे समोरासमोरचे कोपरे जोडणारी रेषा, यांपैकी काही न सांगता केवळ चार बाजूंवरून निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते पिशाच म्हणतात. उत्तर देणारा तर त्याहून मोठा पिशाच. हे पटवण्यासाठी दिलेले उदाहरण निरुत्तर करणारे आहे. चारही बाजू २५ असलेला चौकोन घ्यावा: कोपरे काटकोनी असतील तर क्षेत्रफळ ६२५, एक कर्ण ३० असेल तर दुसरा ४० येतो आणि क्षेत्रफळ ६००, एक कर्ण १४ असेल तर दुसरा ४८ आणि क्षेत्रफळ अवघे ३३६. बाजू त्याच, जमीन जवळजवळ निम्मी. कर्ण सांगणे म्हणजे चौकोनाचे दोन त्रिकोण करणे, आणि ते केल्याशिवाय क्षेत्रफळाचा प्रश्नच अपुरा राहतो, हा या सगळ्याचा गाभा आहे.

ही विद्या टिकावी म्हणून भास्कराचार्यांच्या वंशजांनी जे केले त्याचा पुरावा पाटणच्या शिलालेखात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये प्रकाशात आणला. शके ११२८ च्या या लेखावरून समजते, की भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपाल याच्या दरबारी गेला, नातू चंगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला, आणि त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटणला मठ स्थापला. निकुंभ घराण्यातील स्थानिक अधिपतींनी त्याला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात बाजारातील व्यवहारांवरचे, घाण्यामागे तेलाच्या पळीपर्यंतचे, मठाचे हक्क नोंदलेले आहेत. भारतात एका गणितज्ञाच्या नावाने चाललेल्या शिक्षणसंस्थेचा इतका जुना आणि इतका तपशीलवार पुरावा क्वचितच सापडेल.

तरीही या मठातून गावोगावच्या जमिनी मोजणारे लोक बाहेर पडले असे मानायला आधार नाही. ‘लीलावती’ शिकणाऱ्याचे लक्ष्य ग्रहगणित, पंचांग आणि ग्रहणांचे भाकीत हे असे. क्षेत्रव्यवहार हा त्या वाटेवरचा एक टप्पा होता. जमिनीचा हिशेब कुळकर्ण्याच्या हाती होता आणि त्याला संस्कृत श्लोकांतील वर्गमुळापेक्षा पेरणीचे बियाणे, नांगर आणि गावाची आठवण ही साधने जवळची होती. शिवाय वर्गमूळ हाताने काढणे हे बांधावर उभे राहून करण्याचे काम नव्हे. गणित उपलब्ध असणे आणि ते वापरात असणे यांत जे अंतर पडले ते बुद्धीच्या कमतरतेमुळे नसून, ज्याला त्या नेमकेपणाची गरज होती त्याच्या हाती ते देणारे साधन आणि मनुष्यबळ नव्हते म्हणून पडले, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

नेमकेपणाची गरज प्रथम सत्तेला भासली, आणि तीही संकटात. इ. स. १६३० ते १६३२ च्या भीषण दुष्काळाने दख्खन ओस पडले होते, १६३६ मध्ये निजामशाही संपली, आणि मोगलांच्या ताब्यातील सुभ्यांचा वसूल कागदावरच्या आकड्यांच्या जवळपासही जात नव्हता. औरंगजेब १६५२ मध्ये दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून आला तेव्हा त्याच्याबरोबर मुर्शिद कुली खान हा खुरासानी अधिकारी दिवाण होऊन आला. प्रथम बालाघाटाचा, म्हणजे घाटावरच्या मुलखाचा, आणि नंतर पायीनघाटाचा, म्हणजे घाटाखालच्या मुलखाचाही. दख्खनमध्ये तोपर्यंत नांगरामागे ठरावीक रक्कम घेण्याची पद्धत सर्रास होती आणि जमीन मोजून आकारणी करण्याचा प्रघात फारसा नव्हता. मुर्शिद कुली खानाने सगळीकडे एकच नियम लादला नाही, ही त्याची शहाणपणाची बाजू: मागास भागांत नांगराची रीत चालू ठेवली, काही ठिकाणी पिकाची वाटणी घेतली, आणि काही ठिकाणी जमीन मोजून पिकानुसार दर लावले. फारसी बखरकार सांगतात, की मोजणीत लबाडी होऊ नये म्हणून तो अनेकदा दोरीचे एक टोक स्वतः हातात धरी. अकबराच्या काळातच तागाच्या दोरीऐवजी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब आली होती, कारण दोरी दहिवराने आखडते आणि उन्हात सैल पडते. साधनाची लांबीच बदलत असेल तर पुढचे गणित कितीही शुद्ध असून काय उपयोग, हे उत्तरेतील महसुली अधिकाऱ्यांना अनुभवाने कळलेले होते.

याच काळात औरंगाबादमध्ये आणखी एक माणूस होता, ज्याचे नाव या कथेत आवर्जून घ्यावे लागते. बीबी का मकबरा बांधणारा वास्तुतज्ञ अताउल्ला हा ताजमहालाशी संबंधित उस्ताद अहमद लाहोरी याचा मुलगा, आणि शाहजहानच्या काळात, १६३४-३५ च्या सुमारास, भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’चा फारसी अनुवाद करणारा अताउल्ला रशीदी तो हाच, असे सामान्यतः मानले जाते. ‘लीलावती’चा फारसी अनुवाद त्याआधी, १५८७ मध्ये, अकबराच्या दरबारातील फैजीने केला होता. म्हणजे सतराव्या शतकाच्या मध्यास औरंगाबादेत भास्कराचार्यांचे गणित जाणणारा वास्तुतज्ञ होता आणि जमीन मोजणारा दिवाणही होता. या दोन विद्यांची गाठ पडल्याचा कोणताही पुरावा मात्र नाही. मकबऱ्याच्या घुमटाला जे गणित लागले ते देवगावच्या शिवारात उतरले नाही. मुर्शिद कुली खान १६५८ मध्ये धर्मतच्या लढाईत मारला गेला, आणि त्याने घातलेली घडी पुढील युद्धांच्या धामधुमीत विस्कटत गेली.

शेजारच्या स्वराज्यात अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली झालेल्या मोजणीत पाच हात पाच मुठींची काठी हे माप होते. २० काठ्यांचा एक पांड, २० पांडांचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर. मापे नीट बांधलेली होती, पण काठी लांबी मोजते, कोन मोजत नाही. तिरक्या शेताचा प्रश्न तिच्यापुढेही होताच.

अठराव्या शतकात औरंगाबादचा प्रदेश आसफजाही निजामांच्या राज्यात गेला आणि पुढे तेथे महसूल इजाऱ्याने, म्हणजे ठरावीक रकमेला वसुलीचा मक्ता देऊन, गोळा करण्याची पद्धत रूढ झाली. ज्याने मक्ता घेतला त्याला जमीन मोजण्यात रस नसतो. त्याला फक्त मक्त्याच्या रकमेपेक्षा जास्त काढायचे असते. १८५३ मध्ये पहिले सालारजंग दिवाण झाले तेव्हा संस्थान कर्जात बुडालेले होते, अरब आणि रोहिल्या सरदारांकडे परगणे गहाण पडले होते आणि वऱ्हाड त्याच वर्षी इंग्रजांकडे गेला होता. सालारजंगांनी मक्तेदारी मोडून पगारी अधिकारी नेमले, १८६५ मध्ये जिल्हाबंदी करून राज्याचे जिल्हे पाडले, आणि १८७० च्या दशकात मराठवाड्यात शेतवार मोजणीचे काम हाती घेतले. नमुना समोर तयार होता. मुंबई इलाख्यात प्रिंगलची १८२० च्या दशकातील पाहणी चुकांनी व लबाडीने फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ पासून इंदापूर तालुक्यात नवी मोजणी सुरू केली होती आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के केले होते. तीच पद्धत वऱ्हाडात गेली आणि निजामाच्या मराठी जिल्ह्यांतही आली.

या पद्धतीचे यश दोन अगदी साध्या वस्तूंत होते. एक म्हणजे साखळी. ती ३३ फूट लांब आणि १६ आण्यांत विभागलेली असे, आणि तिची लांबी हिशेब करूनच निवडलेली होती: ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे १,०८९ चौरस फूट, हाच एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजे बरोबर एक एकर. त्यामुळे साखळ्यांना साखळ्यांनी गुणले की उत्तर आपोआप गुंठ्यांत मिळे, मध्ये कोणतेही रूपांतर करावे लागत नसे. दुसरी वस्तू म्हणजे शंकू: काठीवर बसवलेला एक ठोकळा, ज्यात एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन फटी असतात. एका फटीतून मुख्य रेषेची निशाणी दिसत असताना दुसऱ्या फटीतून शेताचा कोपरा दिसला, की शंकू जेथे उभा आहे तेच त्या कोपऱ्यातून टाकलेल्या लंबाचे स्थान.

मोजणीदाराचे काम मग असे चाले. तो शेताच्या दोन दूरच्या कोपऱ्यांना जोडणारी शक्य तितकी लांब रेषा पाया म्हणून धरी, तिच्यावर साखळी टाकत पुढे जाई, आणि बांधाचा प्रत्येक कोपरा शंकूच्या फटीत आला की दोन आकडे नोंदवी: पायाच्या सुरुवातीपासूनचे अंतर आणि कोपऱ्यापर्यंतच्या लंबाची लांबी. कच्च्या आकृतीसह हे आकडे ज्या कागदावर लिहिले जात तो टिपण. पायाच्या दोन्ही बाजूंना शेत अशा रीतीने काटकोन त्रिकोणांत आणि समलंब चौकोनांत, म्हणजे दोनच समांतर बाजू असलेल्या चौकोनांत, विभागले जाई. त्रिकोणासाठी पाया गुणिले लंबाचे निम्मे, समलंब चौकोनासाठी दोन लंबांची सरासरी गुणिले मधले अंतर. हा सगळा हिशेब ज्यात केला जाई त्या वहीला गुणाकार बुक म्हणतात, आणि भूमी अभिलेख कार्यालयांत ते नाव अजून चालते.

येथे ‘लीलावती’शी तुलना केल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. भास्कराचार्यांना तीन बाजूंवरून आबाधा काढाव्या लागत, मग वर्गमुळाने लंब काढावा लागे. शंकू घेतलेला मोजणीदार आबाधा आणि लंब थेट जमिनीवरच मोजत असे. वर्गमूळ गळून पडले आणि उरला तो केवळ गुणाकार, जो चार बुके शिकलेल्या कारकुनालाही करता येई. सर्वांत लांब रेषेवर पाया धरण्याचा दंडकही ९, १० आणि १७ च्या त्रिकोणाकडे पाहिले की उलगडतो: ९ हा पाया धरला तर लंब शेताबाहेर, शेजाऱ्याच्या रानात पडतो, १७ धरला तर तो शेतातच पडतो.

आकडे साखळीत मांडले तर या बदलाचे वजन कळते. १३, १४ आणि १५ साखळ्यांच्या त्रिकोणी शेताचे क्षेत्र ८४ गुंठे, म्हणजे २ एकर ४ गुंठे होते. स्थूल रीतीने तेच २ एकर १८ गुंठे लिहिले गेले असते. चारही बाजू २५ साखळ्या असलेले, पण एक कर्ण फक्त १४ साखळ्यांचा असलेले शेत प्रत्यक्षात ८ एकर १६ गुंठे असते, आणि नुसत्या बाजूंचा गुणाकार त्याला १५ एकर २५ गुंठे ठरवतो. इतके तिरके शेत विरळाच, हे खरे. पण थोडासा तिरकेपणा प्रत्येक शिवारात असतो आणि सारा दरवर्षी द्यावा लागतो.

म्हणून नवी मोजणी कुणब्याच्या हिताचीच ठरली असे म्हणता येईल का? अर्धेच म्हणता येईल. क्षेत्र नेमके झाले, आकार ठरावीक वर्षांसाठी बांधला गेला, पाटील-कुळकर्ण्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली अनिश्चितता कमी झाली, आणि शेताला नंबर व हद्दीचे दगड मिळाले. पण जी जमीन पूर्वी मोजणीच्या बाहेर राहत असे, ओढ्याकाठचे तुकडे, बांधालगतच्या पट्ट्या, तीही आता हिशेबात आली, आणि नेमके क्षेत्र असलेली जमीन सावकाराला गहाण घेण्यास अधिक सोयीची झाली. त्यात भाषेचा अडसर होता. मुंबई इलाख्यात जर्व्हिस यांच्या पुढाकाराने १८२० च्या दशकापासूनच गणिताची मराठी पुस्तके छापली जात होती. निजामाच्या राज्यात दरबारी कारभार आधी फारसीत आणि १८८० च्या दशकापासून उर्दूत चाले. देवगावसारख्या गावातील ज्या शेतकऱ्याच्या जमिनीचे त्रिकोण पाडले गेले त्याला तो कागद स्वतः वाचून, गुणाकार पडताळून पाहण्याची सोय फारशी नव्हती. गणित बांधापर्यंत आले होते, पण ते सरकारी माणसाच्या वहीत होते.

ते शेतकऱ्याच्या घरात पोहोचायला शाळा यावी लागली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. मराठी माध्यमाच्या शाळा खेड्यांत पसरल्या आणि १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीने राज्यभर एकच पाठ्यपुस्तक दिले. आठवीच्या गणितात आज त्रिकोणाच्या तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याचे सूत्र येते आणि त्यापाठोपाठ अनियमित आकाराच्या भूखंडाचे त्रिकोण व समलंब चौकोन पाडून क्षेत्रफळ काढण्याची उदाहरणेही येतात. त्या उदाहरणांतील आकृती म्हणजे नावनिशाणी पुसलेले टिपणच आहे, ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात सांगितली आणि एखाद्या घरचे टिपण फळ्याशेजारी लावले, तर तो धडा कदाचित अधिक लवकर समजेल.

दरम्यान मोजणीची साधने पुन्हा बदलली. शंकू-साखळीनंतर फलकयंत्र आले, मग कोन व अंतर एकदम मोजणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र, आणि आता उपग्रहाच्या आधारे कोपऱ्याचे स्थान सांगणारा रोव्हर. गावठाणातील घरांच्या मोजणीसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनही आला. या यंत्रांत संगणक क्षेत्रफळ काढतो तो कोपऱ्यांच्या निर्देशकांवरून, म्हणजे पूर्व-पश्चिम व उत्तर-दक्षिण अंतरांच्या जोड्यांवरून. ती रीत उलगडून पाहिली तर ती एका ठरावीक बिंदूपासून शेताच्या प्रत्येक बाजूपर्यंत त्रिकोण कल्पिते, एका दिशेने फिरणारे त्रिकोण धन आणि उलट दिशेने फिरणारे ऋण धरते, आणि त्यांची बेरीज करते. शेताबाहेर पडलेली जागा ऋण त्रिकोणांमुळे आपोआप वजा होते. ९, १० आणि १७ च्या त्रिकोणातील ऋण आबाधेमागचा विचार यापेक्षा वेगळा नव्हता.

नव्या यंत्राचे क्षेत्र आणि सातबाऱ्यावरचे क्षेत्र जुळले नाही, आणि ते पुष्कळदा जुळत नाही, तर भूकरमापकाला जुन्या अभिलेखाकडे वळावे लागते. टिपणावरचे आकडे साखळ्यांत आणि आण्यांत असतात. एक साखळी म्हणजे १०.०५८४ मीटर आणि एक आणा म्हणजे सुमारे ६३ सेंटिमीटर, असे रूपांतर करून पाया पुन्हा जमिनीवर टाकला जातो, त्यावर नोंदलेल्या अंतरांवर लंब उभे केले जातात, आणि बांध सरकला आहे की मूळ गुणाकारच चुकला होता, हे त्यावरून ठरते.